अठ्ठ्याण्णव कुणाचे

मावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आकडे कळायचे. खाटेचा नंबर, फोनचा नंबर आणि दुर्बिणीच्या खोलीतल्या त्या यंत्रावरचा हिरवा आकडा. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव असला की माणूस ठीक. नव्वदीच्या खाली घसरला की हाक मारायची. एवढं मोठ्या सिस्टरने तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, आणि चौदा वर्षं तिचं तेवढ्यावर निभावलं होतं.

ती खोली हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली. तोंडातून नळी घालून पोटात बघायची खोली. मधोमध जाड हिरवा पडदा. अलीकडे डॉक्टर आणि त्यांचं टेबल. पलीकडे एकच खाट, एक स्टूल आणि भिंतीशी यंत्र. तपासणी झाली की गुंगीतलं माणूस ढकलत पलीकडे आणायचं, खाटेवर घ्यायचं आणि ते पुरतं जागं होईपर्यंत त्याच्याजवळ बसायचं. बसायला शिकलेली सिस्टरच हवी, तसा नियम होता. पण सिस्टर एक आणि पेशंट चौदा. मग सिस्टर म्हणायची, "मावशी, दहा मिनिटं नजर ठेवा हं, आलेच मी." आणि मावशी नजर ठेवायची. खिडकी नव्हती. बाहेर ऊन असो की आभाळ भरलेलं, आत सदा तोच पांढरा उजेड, स्पिरिटचा नि रबराचा वास, आणि यंत्राचं सावकाश टिक... टिक... टिक.

त्या दिवशी सकाळीही असंच सगळं चाललं होतं. मावशीने चादर बदलली, उशीला धुतलेला अभ्रा घातला, ओकारी आली तर धरायची थाळी उशाशी ठेवली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आली ती एक शिवणकाम करणारी बाई. पंचावन्नच्या आसपासची, अंगाने भरलेली, मान आखूड, चेहरा हसरा. बरोबर तिची लेक. बाईच्या अंगाला कोऱ्या कापडाचा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा वास येत होता. सकाळपर्यंत काम आटोपून आली असणार.

"दुखतं का हो मावशी?" बाईने विचारलं.

"दुखायला तुम्ही जाग्या कुठे असणार? इंजेक्शन दिलं की थेट स्वप्नात."

"स्वप्नात तरी शिवण नको म्हणजे मिळवली. तीस वर्षं झाली, झोपेतसुद्धा पाय चालतात माझे." मग ती खाली वाकून हळूच म्हणाली, "आणि घोरले तर हसू नका बरं का. ही म्हणते, मी घोरते तेव्हा फळीवरची भांडी हलतात."

लेक दाराशीच उभी होती. ती मात्र हसली नाही. "नुसती घोरत नाही हो मावशी. मधेच हिचा श्वास अडकतो. मी उठून हिला कुशीवर करते, तेव्हा कुठे सुरू होतो. रोज रात्री."

"बिचारीची झोप माझ्यापायी कधी पुरी झाली नाही," आई म्हणाली.

"इथे घोरा हवं तेवढं," मावशी म्हणाली. "इथे भिंत ठोकायला शेजारी नाहीत."

तिघीही हसल्या. प्रत्येक पेशंटच्या कागदावर एक प्रश्न छापलेला असतो, झोपेत घोरता का, म्हणून. सिस्टरने त्या सकाळी घाईघाईत त्याच्यापुढे नुसती आडवी रेघ मारली होती. हे मावशीला फार पुढे कळलं. पण ऐकलेलं तर तिने ऐकलं होतं. पडदा ओलांडून चार पावलं जायचं आणि सिस्टरला म्हणायचं, ही बाई घोरते, हिचा श्वास अडकतो. बस, एवढंच. मावशी गेली नाही. हसण्यावारी नेलं.

तपासणी सुरू झाली. नळी घशाशी गेली तशी बाई धडपडली, हात झाडायला लागली. डॉक्टर म्हणाले, "थोडं आणखी द्या." सिस्टरने दिलं. मग बाई निवली. पोटात काही वावगं नव्हतं, नुसती जळजळ होती. दहा मिनिटांत काम आटोपलं आणि बाईला पडद्याआड आणून खाटेवर ठेवलं. सिस्टरने यंत्राचा चिमटा तिच्या बोटाला लावला, आकडा बघितला, मान हलवली आणि पुढच्या पेशंटकडे गेली. बाई घोरत होती. अगदी भांडी हलतील अशी.

त्या चिमट्याची एक गंमत होती. बोट गार असलं किंवा शेंड्याची कातडी राठ झालेली असली तर त्याला काही उमगत नसे, आणि मग यंत्र कारण नसताना किंचाळत सुटायचं. बाईचं बोट गार तर होतंच, वर तीस वर्षांच्या सुईने शेंडा सालीसारखा जाड झालेला. यंत्र ओरडलं. मावशीने चिमटा सरळ केला. पुन्हा ओरडलं. बोट बदललं. पुन्हा ओरडलं.

"अहो, ते गप्प करा कुणीतरी!" पडद्यापलीकडून डॉक्टर ओरडले. "कान किटले सकाळपासून!"

आता यावर त्या खोलीत एक जुनी युक्ती होती. मावशीला ती तिच्या आधीच्या मावशीने शिकवली होती, आणि तिला तिच्या आधीच्या. चिमटा काढायचा आणि क्षणभर स्वतःच्या बोटाला लावायचा. यंत्र लगेच गप्प. तेवढ्यात पेशंटचा हात चोळून उबदार करायचा, आणि चिमटा परत त्याच्या बोटाला. कुणाचं काही बिघडत नाही. चौदा वर्षांत कधी बिघडलं नव्हतं.

मावशीने चिमटा स्वतःच्या बोटाला लावला. यंत्रावर हिरवा आकडा उमटला, अठ्ठ्याण्णव, आणि टिक... टिक सुरू झालं. तिने बाईचा हात चोळला, पांघरुणात घातला, आणि गारठलीय बिचारी म्हणून पांघरूण थेट हनुवटीपर्यंत ओढलं.

जरासा वेळ गेला. घोरणं चढत गेलं, ओढून ओढून यायला लागलं. मग एकाएकी थांबलं.

मावशीला बरं वाटलं. चला, लागली एकदाची शांत झोप.

दाराच्या फटीतून लेकीने डोकं आत घातलं. "मावशी, झालं का? कशी आहे?"

"शांत झोपलीय गं तुझी आई," मावशी म्हणाली. "अगदी लहान मुलासारखी. बस तू निवांत."

दार लागलं. मावशी वळली, आणि तेव्हा कुठे तिने बाईच्या तोंडाकडे नीट पाहिलं. ओठांवर कुणी शाई सांडावी तसे ते निळे पडले होते. पांघरूण हलत नव्हतं. यंत्र दाखवत होतं अठ्ठ्याण्णव. आपल्या बोटाचे अठ्ठ्याण्णव.

त्यानंतर मावशीने जे केलं ते करायला एक श्वास लागला असेल. हाक मारायच्या आधी तिने स्वतःच्या बोटाचा चिमटा काढला आणि बाईच्या बोटाला लावला. मग ओरडली.

सगळे धावले. छाती दाबली, नळी घातली, इंजेक्शनं दिली. अर्ध्या तासाने डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. यंत्रातून कागदाची पट्टी निघत असे, ती त्यांनी फाडून घेतली. पट्टीवर अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव, आणि मग एकदम काही नाही. श्वास कमी पडला असता तर आकडा हळूहळू उतरला असता. तो उतरला नव्हता. तेव्हा हृदयच अचानक बंद पडलं, असं त्यांनी लिहिलं. त्यांची तरी काय चूक? पट्टी कधी खोटं बोलत नाही, हे त्यांना शिकवलेलं होतं.

मावशीने तोंड उघडलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. पहिल्या दिवशी जे घशाशी आलेलं असतं ते गिळलं, की मग ते रोज थोडं थोडं गिळावं लागतं.

महिनाभराने सुरू झालं. सकाळची वेळ, खाट रिकामी, चादर नुकतीच घातलेली. मावशी मोरीत थाळी विसळत होती. मागे यंत्र टिक... टिक करत होतं. कुणीतरी चालू ठेवलंय वाटतं, म्हणून ती बंद करायला गेली. चिमटा खुंटीवर लटकत होता. मिटलेला, रिकामा. आणि यंत्रावर हिरवा आकडा होता.

अठ्ठ्याण्णव.

तिने सिस्टरला बोलावलं. सिस्टर म्हणाली, "चिमट्यात उजेड शिरला की फसतं कधीकधी." यंत्र दुरुस्त करणारा माणूस आला, त्याने सगळं उघडून पाहिलं, काही सापडलं नाही म्हणून यंत्रच बदलून दिलं. आठवडाभराने नवं यंत्र खुंटीवरच्या चिमट्यावर तोच आकडा दाखवायला लागलं. न वाढणारा, न उतरणारा. अशा वेळी पडद्याआड स्पिरिटचा वास पार नाहीसा व्हायचा. त्याच्या जागी यायचा कोऱ्या कापडाचा, मशीनच्या तेलाचा...

मावशी पाठ करून उभी राहायची. म्हणायची, "बाई, मी काय करू आता? झालं ते झालं ना..." आणि ते बोलतानाच तिला कळायचं, आपण हे जिला म्हणायला हवं तिला म्हणत नाही आहोत.

सिस्टरला ती एकदा म्हणाली, "मला कपडे धुवायच्या खोलीत टाका. इथे करमत नाही."

"चौदा वर्षं करमलं आणि आता काय झालं? तुमच्याशिवाय ही खोली चालेल का? लाडात येऊ नका," सिस्टर म्हणाली. विषय संपला.

दीड वर्ष असं गेलं. आणि एका सकाळी बाकावर ती लेक बसलेली दिसली. एकटीच. पोटात आईसारखीच जळजळ, म्हणून तपासायला पाठवलेली. दीड वर्षात अंगाने भरली होती, मान आईसारखी आखूड दिसायला लागली होती. मावशीला वाटलं, पदर तोंडावर घेऊन मागच्या मागे निघून जावं. पण लेकीने तिला ओळखलं होतं.

"मावशी... तुम्हीच होता ना त्या दिवशी?"

"हो गं."

"बरं झालं तुम्ही भेटलात. मला तुम्हाला सांगायचं होतं." तिने मावशीचा हात धरला. "तुम्ही म्हणालात ना, शांत झोपलीय, लहान मुलासारखी. मी दीड वर्ष त्या एका बोलण्यावर काढलंय. रात्री जाग येते हो मला. सवयीने. तिला कुशीवर करायला उठते, आणि मग आठवतं. तेव्हा मी तुमचं बोलणं आठवते आणि परत झोपते."

मावशीने विचारलं, "तू... तूही घोरतेस का गं?"

"आईवर गेलेय." लेक हसली. "आता मला कुशीवर करायला कुणी नाही, एवढाच फरक."

मावशी या वेळी मात्र ती चार पावलं गेली. सिस्टर औषध भरत होती.

"सिस्टर, ही मुलगी घोरते हो. हिला जरा जपून द्या."

"सगळं जग घोरतं, मावशी."

"हिची आई इथेच गेली. आठवतं ना?"

"म्हणून तर डॉक्टरांनी हृदयाच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. ठणठणीत आहे हृदय. काळजी नको."

हृदय. बरोबरच होतं त्यांचं. आईच्या कागदावर हृदय लिहिलेलं, म्हणून लेकीचं हृदय तपासलं. घसा कोण तपासणार? श्वासाचं कुणाला ठाऊक होतं? एकीला. ती एक समोर उभी होती आणि तिच्या तोंडातून पुढचं वाक्य निघत नव्हतं. तेवढ्यात डॉक्टरांनी हाक मारली, सिस्टर गेली, आणि वेळ टळली.

तपासणी झाली. लेकही नळीला धडपडली, तिलाही थोडं आणखी द्यावं लागलं. मग तिला पडद्याआड आणली. सिस्टरने प्राणवायूची नळी नाकाशी लावली, चिमटा बोटाला लावला, आकडा बघितला. "नजर ठेवा हं, आलेच मी."

मावशी स्टूल ओढून अगदी खाटेला चिकटून बसली. पांघरूण कमरेच्या वर येऊ दिलं नाही. लेकीचा हात तिने आपल्या दोन्ही हातांत धरला, चिमट्यासकट, म्हणजे तो हलायला नको. नजर छातीवर. लेक घोरत होती. तोच आवाज. दीड वर्षापूर्वीचाच, जणू मधला काळ गेलाच नव्हता. यंत्र बोलत होतं... टिक... टिक... अठ्ठ्याण्णव.

पडद्यापलीकडे डॉक्टर कुणाशी तरी सामन्याच्या गप्पा मारत होते. त्यांचा आवाज हळूहळू लांब गेला, विहिरीच्या तळातून यावा तसा. स्पिरिटचा वास विरला. कोऱ्या कापडाचा वास आला. मावशीने छातीवरची नजर काढली नाही.

घोरणं थांबलं.

टिक... टिक... टिक.

छाती वर आली नाही. पोट तेवढं आत ओढलं गेलं, पुन्हा ओढलं गेलं, पण नाकातोंडातून वारा येत नव्हता. मावशीने यंत्राकडे पाहिलं. अठ्ठ्याण्णव. यंत्र म्हणतंय ठीक आहे. चिमटा तर हिच्याच बोटाला आहे. तिने लेकीचे ओठ पाहिले. कडेने जांभळे होत होते. पुन्हा यंत्र. अठ्ठ्याण्णव.

मग तिने खाली आपल्या हातांकडे पाहिलं.

लेकीचं बोट मोकळं होतं. चिमटा मावशीच्या बोटाला होता. त्याच बोटाला. तिने लावला नव्हता. कुणाचीही शपथ घेऊन सांगेल ती, लावला नव्हता. तिने तो ओढला. निघेना. कुणीतरी वरून बोटांच्या चिमटीत घट्ट धरून ठेवावा तसा तो बसला होता.

"सिस्टर!" ती ओरडली. "सिस्टर, हिचा श्वास बंद झालाय!"

पडदा सरकला. सिस्टरने सवयीने आधी यंत्राकडे पाहिलं. "अठ्ठ्याण्णव आहेत की, मावशी. घाबरवता काय..."

"ते माझे आहेत!" मावशीचा आवाज फुटला. तिने हात वर केला, चिमट्यासकट. "माझे अठ्ठ्याण्णव आहेत हे! हिच्या आईच्या वेळीही माझेच होते! तिचा श्वासच अडकला होता, हृदय नाही! आकडा सोडा, हिच्याकडे बघा!"

सिस्टरने उडी घेतली. लेकीची हनुवटी वर उचलून जबडा पुढे ओढला, तोंडावर मास्क धरला, फुगा दाबायला लागली. "गुंगी उतरवायचं औषध! डॉक्टर, लवकर!" डॉक्टरांनी स्वतः भरलं, स्वतः दिलं. मावशी कोपऱ्यात उभी राहून मोजत होती. किती मोजलं ते तिला सांगता येणार नाही. मग लेकीच्या घशातून एक मोठा ओढल्यासारखा आवाज आला, छाती भरली, रिकामी झाली, पुन्हा भरली.

मावशीच्या बोटाचा चिमटा आपसूक उघडला आणि खाली पडला.

लेक तासाभराने पूर्ण जागी झाली. झालेलं तिला डॉक्टरांनी सांगितलं. आणि आईचं मावशीने सांगितलं, डॉक्टरांच्या समोर, उभ्याउभ्या. लेकीने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे ती शांत झोपली नव्हती," ती म्हणाली.

"नाही गं बाई."

"मी दाराशी आले होते. आत आले असते तर... मी कुशीवर केलं असतं तिला. मला येत होतं ते."

"हो."

"तुम्ही मला बस म्हणालात."

मावशी पाय धरायला वाकली. लेकीने पाय मागे घेतले. रागाने नाही, एखादी ओळख नसलेली बाई वाकली तर आपण घेतो तसे. मग तिने पिशवी उचलली आणि सिस्टरच्या आधाराने बाहेर गेली. आता रात्री जाग आल्यावर ती काय आठवत असेल, हा विचार मावशीच्या डोक्यातून त्या दिवसापासून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मावशीला कार्यालयात बोलावलं. कारकून जबाब लिहून घेणार आणि साक्षीला दुर्बिणीच्या खोलीतली सिस्टर. सिस्टरचे डोळे सुजलेले होते. कागदावर आडवी रेघ तिनेच मारली होती, ते तिने आधीच डॉक्टरांना सांगून टाकलं होतं. दुपारचे बारा वाजले होते, मोठ्या खिडकीतून ऊन टेबलावर पडलं होतं. भिण्यासारखं तिथे काही नव्हतं.

कारकून विचारत गेला, मावशी सांगत गेली. घोरण्याचं ऐकलं होतं ते, यंत्र ओरडत होतं ते, चिमट्याचं, पांघरुणाचं, चिमटा परत लावल्याचं.

"किती वेळ होता चिमटा तुमच्या बोटाला?"

"दोन-तीन मिनिटं."

त्याने लिहिलं, वाचून दाखवलं, शाईची गादी पुढे सरकवली. मावशीने डाव्या हाताचा अंगठा दिला. त्याने कागद ओढून घेतला आणि कपाळाला आठी घातली. "मावशी, दोन कशाला दिलेत? आणि तेही मजकुरावर?"

"मी एकच दिला."

खाली मावशीचा अंगठा होता. आणि वर, ओळींच्या मधोमध, दुसरा ठसा. अंगठा नव्हता तो, बोट होतं, सुईने शेंडा राठ झालेलं. 'दोन-तीन मिनिटं' या शब्दांवर बरोबर टेकवलेलं, शब्द बुजून गेलेले. मावशीने हात पुढे केले. शाई फक्त अंगठ्याला होती. सिस्टरने आपले हात पाहिले, कारकुनाने आपले. कोरडे.

"गादीवर कागद घासला असेल," कारकून पुटपुटला. त्याने गादी मिटून खणात टाकली, नवा कागद घेतला, सगळं पुन्हा उतरवलं. मग गादी काढली, मावशीचा अंगठा स्वतः धरून टेकवला, गादी परत मिटली. तिघेही कागदाकडे बघत होते.

ठसा डोळ्यांदेखत वर आला. खालून ओल झिरपावी तसा. आधी फिकट, मग गडद. त्याच तीन शब्दांवर.

कारकुनाची खुर्ची मागे सरकली. मावशी मात्र त्या कागदाकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण त्या जागी काय लिहिलंय ते तिला विचारावं लागलं नाही.

"पुसा ते," ती म्हणाली. "दोन-तीन मिनिटं नव्हती."

"मग किती?"

मावशीने डोळे मिटले. "चहा आला होता. बाहेरून कपबशी आणून दिली कुणीतरी. चिमटा डाव्या हाताला होता, म्हणून मी उजव्या हाताने घेतला. गरम होता. बशीत ओतून, फुंकून फुंकून घेतला. तोवर ती घोरत होती. मी मनात म्हटलं, हिचं घोरणं आहे तोवर बसून घ्यावं, पाय दुखताहेत. ते थांबलं तेव्हा माझा अर्धा चहा राहिला होता." ती थांबली. "उरलेला मी प्यायले. मग लेक दाराशी आली."

कारकुनाने तिसरा कागद घेतला, आणि ती बोलली होती तसंच्या तसं लिहिलं. बशीसकट. मावशीने अंगठा दिला.

मजकुरावर काही उमटलं नाही. सिस्टरने साक्षीची सही करायला पेन उचललं आणि हात तसाच अधांतरी राहिला.

"काय झालं?" कारकुनाने विचारलं.

"जागा भरलीय. तेच बोट उमटलंय," सिस्टर म्हणाली.

तो कागद अजून हॉस्पिटलात आहे. मावशी आता कपडे धुवायच्या खोलीत असते. दुर्बिणीच्या खोलीच्या भिंतीवर नवे नियम लावलेत. घोरण्याचं विचारल्याशिवाय औषध द्यायचं नाही, पेशंटला जाग येईपर्यंत शिकलेल्या माणसाने जागचं हलायचं नाही, आणि चिमटा दुसऱ्या कुणाच्या बोटाला लावायचा नाही. मावशीला ते वाचता येत नाहीत. सिस्टरने एकदा वाचून दाखवले. कारकून तिच्याशी सहसा बोलत नाही. मागच्या आठवड्यात मात्र तो धुण्याच्या खोलीच्या दाराशी आला, आत न येता.

"मावशी, तुमचा अंगठा त्याच दिवशी सुकला होता," तो म्हणाला. "दुसरा अजून ओला आहे. आणि कागदावर तो होता तिथे राहिलेला नाही... रोज जरासा तुमच्या अंगठ्याकडे सरकतोय."